संकरित शेळीचं रक्त काय सांगतं, आणि काय सांगत नाही

लहरीपुरा (वडोदरा) : जुन्या वडोदऱ्याच्या चार दरवाजांपैकी लहरीपुरा हा पश्चिमेचा. या भागात मराठी बोलणारी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वडोदरा जिल्हा हा सुरती शेळीचा मूळ पट्टा. वडोदरा, भरूच, नर्मदा, सुरत, नवसारी असा तो खाली उतरतो आणि पुढे खानदेशाला भिडतो. इकडचा बोकड तिकडे आणि तिकडची उस्मानाबादी इकडे, ही ये-जा राज्याच्या हद्दीपेक्षा जुनी आहे. अलीकडे त्यात बोअर आणि तिच्या संकरांची भर पडली. ‘फिफ्टी परसेंट’, ‘सेव्हंटी फाईव्ह परसेंट’ असं रक्त मोजून भाव ठरू लागले आणि जोडीला रक्ताचा रिपोर्टही दाखवला जाऊ लागला.

या रिपोर्टमधले आकडे कसे वाचायचे, संकरित शेळी खरंच जास्त काटक असते का, करडांची प्रतिकारशक्ती कुठून येते, आणि विकत घेताना नेमकी कोणती तपासणी मागायची, याची ही माहिती. गुजराती आणि मराठी, दोन्हीकडच्या पाळणाऱ्यांसाठी.

‘रक्ताचे टक्के’ रिपोर्टमध्ये दिसत नाहीत

आधी सगळ्यात महागडा गैरसमज. बाजारात ‘७५ टक्के रक्त’ म्हणतात ते वंशावळीचं गणित असतं. शुद्ध बोअर बोकड आणि गावठी शेळी यांची पिल्लं ५० टक्के. त्यातल्या पाटीला पुन्हा शुद्ध बोअर दाखवला तर पुढची पिल्लं ७५ टक्के, त्यापुढची ८७.५ टक्के. हा हिशोब नोंदवहीत आणि कानातल्या बिल्ल्यावर असतो. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट यांच्या साध्या तपासणीतून जनावराची जात कळत नाही, टक्केवारी तर नाहीच. जातीची खात्री करायची तर डीएनए तपासणी किंवा विश्वासाची वंशावळ, हे दोनच मार्ग. म्हणून कोणी लॅबचा कागद पुढे करून ‘बघा, पंच्याहत्तर टक्के आहे’ म्हणाला, तर त्या कागदाचा त्या दाव्याशी संबंध नाही हे पक्कं धरावं.

संकर आपल्याकडे कसे आले

महाराष्ट्रात संकरित शेळ्यांवर काम नवं नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात संगमनेरी शेळीचा अंगोराशी संकर झाला. तो मोहेर नावाच्या लोकरीसाठी होता. मांसासाठी बोअर आली ती फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेमार्फत. या संस्थेने १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियातून बोअरचे गोठवलेले भ्रूण आणले. तिथून बोअर बोकड आणि रेतन राज्यभर पसरलं.

कारण सरळ आहे. उस्मानाबादी मोठी झाली तरी ३० ते ४० किलोच्या आसपास राहते. शुद्ध बोअर बोकड ९० ते १३० किलोपर्यंत जातो. संकरित करडू लवकर वजन धरतं. देशात २०१९ च्या पशुगणनेत १४.८८ कोटी शेळ्या मोजल्या गेल्या, त्यातल्या एक कोटीपेक्षा जास्त महाराष्ट्रात. एवढ्या मोठ्या धंद्यात दोन-चार किलो जादा वजनाचंही मोल मोठं असतं. मात्र वजन वाढवणारा संकर रोग सोसण्याची ताकदही वाढवतोच, असं नाही.

शेळीच्या रक्ताचे नेहमीचे आकडे

निरोगी, मोठ्या शेळीत साधारण हे आकडे अपेक्षित असतात :

- पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा) : २२ ते ३८ टक्के
- हिमोग्लोबिन : ८ ते १२ ग्रॅम प्रति डेसिलीटर
- तांबड्या पेशी : एका मायक्रोलीटरमध्ये ८० लाख ते १ कोटी ८० लाख
- एका तांबड्या पेशीचं आकारमान (एमसीव्ही) : १६ ते २५ फेम्टोलीटर
- पांढऱ्या पेशी : ४ हजार ते १३ हजार
- त्यात लिम्फोसाइट : ५० ते ७० टक्के
- न्यूट्रोफिल : ३० ते ४८ टक्के
- इओसिनोफिल : १ ते ८ टक्के
- प्लेटलेट : ३ ते ६ लाख

हे पट्टे रुंद आहेत. जात, वय, चारा, ऋतू, गाभणपण यांनी आकडे हलतात. म्हणून एका शेळीचा एकच रिपोर्ट घेऊन निकाल लावू नये. त्याच कळपातल्या, त्याच वयाच्या चार-पाच निरोगी शेळ्यांशी तुलना केली की चित्र साफ होतं. संकरितांसाठी वेगळा, सगळीकडे चालेल असा तक्ता नाही. आपल्या कळपाचे आकडे लिहून ठेवणं हाच उपाय.

एक सोपा पडताळा : पीसीव्हीला ३ ने भागलं की हिमोग्लोबिन जवळपास यायला हवं. पीसीव्ही ३० असेल तर हिमोग्लोबिन १० च्या आसपास. यात मोठा फरक दिसला तर नमुना किंवा मशीन, कुठेतरी गडबड आहे.

माणसांच्या लॅबमध्ये चूक का होते

पाळीव जनावरांत शेळीची तांबडी पेशी सगळ्यात लहान. माणसाची साधारण साडेसात मायक्रॉनची, शेळीची जेमतेम चार. माणसाच्या पेशीचं आकारमान ८० ते १००, शेळीचं १६ ते २५. माणसांच्या लॅबमधलं मशीन इतक्या लहान कणाला प्लेटलेट समजतं. मग रिपोर्टमध्ये तांबड्या पेशी फारच कमी आणि प्लेटलेट भलत्याच जास्त येतात. मालक घाबरतो, ‘रक्त संपलं’ म्हणून सलाईन आणि टॉनिकचा खर्च सुरू होतो. जनावराला काही झालेलंच नसतं.

पीसीव्ही काढतानाही तीच अडचण. पेशी लहान असल्याने त्या नळीत नीट दाबून बसत नाहीत, नळी माणसाच्या रक्तापेक्षा जास्त वेळ फिरवावी लागते. कमी वेळ फिरवली तर आकडा फुगतो. आणि ईएसआर, जो माणसांच्या रिपोर्टमध्ये हमखास असतो, तो शेळीत निरुपयोगी. शेळीच्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून खाली बसतच नाहीत, त्यामुळे आकडा जवळपास शून्य येतो.

अंगोरात आणखी एक गंमत. तिच्या तांबड्या पेशी पुष्कळदा चातीसारख्या लांबट दिसतात. लहान करडांतही वेड्यावाकड्या पेशी सर्रास सापडतात. माणसाचं रक्त पाहणाऱ्याला हा सिकलसेल वाटू शकतो, पण हा आजार नव्हे. म्हणून तपासणी शक्यतो पशुवैद्यकीय लॅबमध्येच करावी. काच-पट्टीवर रक्ताचा थर लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा माणूस तिथे असतो. गोचिडांमुळे होणारे थायलेरिया, बबेसिया, अ‍ॅनाप्लाझ्मा त्या थरावरच दिसतात, मशीनच्या आकड्यात नाही.

पांढऱ्या पेशी आणि टेम्पोचा प्रवास

शेळीत लिम्फोसाइट जास्त आणि न्यूट्रोफिल कमी, हा नेहमीचा क्रम. करडू जन्मतं तेव्हा उलटं असतं. काही आठवड्यांत क्रम बदलतो.

जनावर घाबरलं, उन्हात उभं राहिलं, टेम्पोतून आलं, की शरीरात कॉर्टिसोल वाढतं. मग न्यूट्रोफिल वर जातात, लिम्फोसाइट खाली येतात. रिपोर्ट संसर्गासारखा दिसतो, पण ते प्रवासाचं ओझं असतं. पकडताना धडपड झाली तर प्लीहा आकसून साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते आणि पीसीव्हीही वाढलेला दिसतो. म्हणून बाजारातून आणल्या आणल्या नमुना घेऊ नये. दोन-चार दिवस विसावा द्यावा, मग शांतपणे मानेच्या शिरेतून नमुना घ्यावा.

हे आकड्यांपुरतं नाही. कॉर्टिसोल वाढलेलं असताना प्रतिकारशक्ती खरोखर दबते. प्रवासानंतर आठवड्याभरात खोकला, नाक वाहणं, हगवण सुरू होते ती याचमुळे. पीपीआरमध्ये मात्र पांढऱ्या पेशी एकदम घटतात. ताप, डोळ्या-नाकातून स्राव, तोंडात फोड, पातळ हगवण आणि सोबत पांढऱ्या पेशी खूप कमी असतील, तर कळप वेगळा करून लगेच पशुवैद्यकाला बोलवावं.

संकरित खरंच काटक असते का

याला दोन बाजू आहेत. दोन वेगळ्या जातींच्या पहिल्या संकरात ‘संकरजोम’ असतो. जगणं, वाढ, वेत या गोष्टींत पहिली पिढी आई-बापांच्या सरासरीपेक्षा बरी निघते. पण पहिल्या पिढीतले नर-मादी आपापसांत लावले तर दुसऱ्या पिढीत हा जोम निम्म्यावर येतो. नवा घेणारा पुष्कळदा ही दुसरी-तिसरी पिढी घेतो आणि पहिल्या पिढीच्या जोमाची अपेक्षा करतो.

दुसरी बाजू जंतांची. अमेरिकेत टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटीने बोअर, किको आणि स्पॅनिश शेळ्या वर्षानुवर्षं एकत्र सांभाळून पाहिल्या. दमट, जंतांच्या हवामानात बोअर माद्यांच्या लेंडीत जंतांची अंडी जास्त सापडली आणि कळपात टिकून राहण्यातही त्या मागे पडल्या. बोअर वाईट आहे असा याचा अर्थ नाही. ती जिथली, त्या दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या माळावर ती उत्तम. वडोदरा, नवसारी, नवापूर, कोकण इथला पावसाळा वेगळा. जसजसे बोअरचे टक्के वाढतात तसतसा स्थानिक शेळीचा वाटा घटतो, आणि इथल्या हवामानात पिढ्यान्‌पिढ्या टिकून आलेली ताकद त्या स्थानिक वाट्यात असते. म्हणून पावसाळी पट्ट्यात ५० टक्क्यांवर थांबणं, आणि माद्या स्थानिकच ठेवून बोकड तेवढा बोअर वापरणं, हा जास्त सुरक्षित हिशोब आहे.

जंत : रक्ताचा खरा चोर

पावसाळ्यात शेळीचं रक्त कमी होण्याचं सगळ्यात मोठं कारण हिमोंकस नावाचा जंत. तो जठरात राहतो आणि रक्त पितो. एक मोठा जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलीलीटर रक्त नेतो. हिशोब करून बघा. २० किलोच्या पाटीच्या अंगात सुमारे १,३०० मिलीलीटर रक्त. पोटात हजार जंत असतील तर रोज ५० मिलीलीटर, म्हणजे जवळपास ४ टक्के रक्त रोज जातं. शरीर भरपाई करत राहतं, जनावर वरून ठीक दिसतं आणि एके सकाळी आडवं पडतं.

यात हगवण असतेच असं नाही, लेंड्या घट्टही असू शकतात. खुणा वेगळ्या : पापणीची आतली बाजू पांढरट, जबड्याखाली पाण्याची सूज, चालताना मागे पडणं. जबड्याखालची सूज रक्तातली प्रथिनं घटल्याची खूण आहे.

रक्त खूप घटलं की शेळीच्या अंगात ‘सी’ प्रकारचं हिमोग्लोबिन बनू लागतं. जन्मानंतरच्या काळात करडांतही तेच असतं. ही निसर्गाची तात्पुरती सोय. जंत पोटात असेपर्यंत ती पुरत नाही.

दक्षिण आफ्रिकेतून आलेला ‘फमाचा’ तक्ता इथे कामाचा. खालची पापणी उलटून आतला रंग तक्त्याशी ताडायचा :

- १ लालबुंद (पीसीव्ही २८ किंवा जास्त) : औषध नको
- २ लालसर गुलाबी (२३ ते २७) : औषध नको
- ३ गुलाबी (१८ ते २२) : गाभण, दुभत्या आणि लहानांना द्यावं
- ४ फिकट गुलाबी (१३ ते १७) : लगेच द्यावं
- ५ पांढरी (१२ किंवा कमी) : जीव धोक्यात, पशुवैद्यक बोलवावा

पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी पापणी बघावी. सगळ्या कळपाला दर महिन्याला औषध पाजणं ही सवय घातक आहे. त्यातून औषधाला न जुमानणारे जंत उरतात आणि पुढे कोणतंच औषध चालत नाही. शेळीचं शरीर औषध मेंढीपेक्षा लवकर पचवतं, म्हणून मेंढीचा डोस शेळीला अपुरा पडतो. मात्रा पशुवैद्यकाकडून वजनावर ठरवून घ्यावी. पापणी फिकी दिसण्याला गोचीड, यकृतातला जंत, तांबं-कोबाल्टची कमतरता हीसुद्धा कारणं असतात, तेव्हा लेंडी तपासून घेणं बरं.

शेळी मुळात झाडपाला ओरबाडणारी. तोंड वर ठेवून खाणाऱ्या जनावराला गवतातल्या जंतांचा सामना फार करावा लागला नाही, म्हणून त्यांच्याविरुद्धची तिची प्रतिकारशक्ती मेंढीपेक्षा कमजोर. तिला ओल्या गवतात वाकून चरायला लावलं की त्रास वाढतो. दव सुकल्यावर सोडणं आणि चारा गव्हाणीत उंचावर टांगणं, या दोन गोष्टींना पैसा लागत नाही. व्यायच्या सुमारास मादीची जंतांविरुद्धची ताकद आणखी घटते, तेव्हा तिच्याकडे आधी बघावं.

करडाची प्रतिकारशक्ती चिकात

शेळीच्या वारेची रचना अशी की आईच्या रक्तातली प्रतिपिंडं गर्भापर्यंत पोचत नाहीत. माणसाचं बाळ थोडी शिदोरी घेऊन जन्मतं. करडू, गुजरातीत लवारू, रिकाम्या हातानं येतं. त्याची सगळी सुरुवातीची प्रतिकारशक्ती चिकातून येते. आतड्याला ही प्रतिपिंडं जशीच्या तशी शोषता येतात ती फक्त पहिल्या दिवसात. पहिले सहा तास सोन्याचे, चोवीस तासांनंतर दार बंद.

मात्रा : पहिल्या २४ तासांत वजनाच्या १० टक्के. अडीच किलोच्या करडाला २५० मिलीलीटर, तीन-चार वेळा विभागून. पहिला घोट एक-दोन तासांच्या आत.

संकराचा धोका इथेच दडलेला आहे. लहान चणीच्या, पहिलटकर शेळीला मोठा बोअर दाखवला की करडू मोठं होतं, वीण अडते. अडलेल्या विणीतून आलेलं करडू दमलेलं असतं, वेळेत उभं राहत नाही, चीक उशिरा मिळतो. शिवाय साडेतीन किलोच्या करडाला ३५० मिलीलीटर चीक हवा. जुळी झाली तर ७००. तेवढा चीक लहान आईला असतोच असं नाही. मग दहा-पंधरा दिवसांत हगवण, न्यूमोनिया, सांधे सुजणं सुरू होतं आणि दोष ‘परदेशी रक्ताला’ दिला जातो. खरं कारण पहिल्या सहा तासांत घडून गेलेलं असतं.

उपाय असे :

- पहिल्या वेताला लहान चणीचा बोकड दाखवावा.
- जादा चीक असलेल्या शेळीचा चीक छोट्या बाटल्यांत गोठवून ठेवावा. वापरताना कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवावा, उकळू नये, नाहीतर प्रतिपिंडं नासतात.
- व्यायच्या चार ते सहा आठवडे आधी मादीला आंत्रविषाराची लस द्यावी, म्हणजे चिकातून करडाला संरक्षण मिळतं.
- शंका असल्यास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करडाच्या रक्तातली एकूण प्रथिनं तपासावीत. आकडा कमी आला तर चीक पुरेसा पोचला नाही असं समजून त्या करडावर जास्त लक्ष ठेवावं.

लसी : संकरितांसाठी वेगळं वेळापत्रक नाही

- पीपीआर : वयाच्या तीन-चार महिन्यांनंतर एकदा. संरक्षण साधारण तीन वर्षं. लस मुक्तेश्वरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत विकसित झाली. ही संस्था १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली होती आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वरला गेली.
- आंत्रविषार : तीन-चार महिन्यांनंतर, पुन्हा १५ ते २१ दिवसांनी, पुढे दरवर्षी पावसाळ्याआधी.
- घटसर्प : पावसाळ्याआधी.
- लाळ्या खुरकूत आणि देवी : स्थानिक पशुवैद्यकीय दवाखान्याच्या कार्यक्रमानुसार.

पीपीआरची लस जिवंत विषाणूची आणि उष्णतेला नाजूक. बर्फातून काढून पाण्यात मिसळली की लगेच संपवावी. सकाळी मिसळलेली लस दुपारी टोचली तर सुई टोचल्याची नोंद तेवढी राहते, संरक्षण मिळत नाही. आजारी, जंतांनी खंगलेल्या किंवा नुकत्याच प्रवास केलेल्या जनावराला लस देऊ नये. लस म्हणजे शरीराला दिलेलं काम, ते करायला अंगात प्रथिनं लागतात.

हद्द ओलांडताना

शेळ्या सहा तासांपेक्षा जास्त प्रवासाला नेताना १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांप्रमाणे पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला लागतो. गुजरातेतून महाराष्ट्रात असो वा उलट, तो सोबत ठेवावा. नवीन जनावर तीन ते चार आठवडे वेगळं बांधावं. वेगळं म्हणजे पाण्याचं भांडं आणि सांभाळणारा माणूसही शक्यतो वेगळा.

रक्ताची एकच तपासणी मागायची झाली तर ब्रुसेलाची मागावी. ब्रुसेला शेळीतून माणसाला होतो. गाभडलेल्या शेळीची वार हाताळताना, कच्चं दूध पिताना तो येतो आणि महिनोन्‌महिने ताप, सांधेदुखी देतो. घरात लहान मुलं दूध पीत असतील तर ही तपासणी टाळू नये. पुण्यात औंध इथे रोग अन्वेषण विभागाची पश्चिम विभागीय प्रयोगशाळा आहे. गुजरातच्या बाजूला आणंद आणि नवसारीला, महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तातडीला दोन्ही राज्यांत १९६२ हा क्रमांक चालतो.

नमुना देताना

- तपासणीसाठी जांभळ्या झाकणाची नळी, खुणेपर्यंत भरलेली.
- हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करावी. जोरात हलवू नये, शेळीच्या पेशी नाजूक असतात, फुटतात.
- थंड डब्यात ठेवावी, बर्फात गोठवू नये. त्याच दिवशी लॅबमध्ये पोचवावी.
- ब्रुसेलासाठी साधी, लाल झाकणाची नळी वेगळी द्यावी.
- चिठ्ठीवर वय, गाभण आहे का, शेवटचं जंताचं औषध, लस आणि प्रवास यांच्या तारखा लिहाव्यात. ‘शेळी, आजारी’ एवढंच लिहिलेल्या नमुन्याचा अर्थ कोणत्याच डॉक्टरला नीट लावता येत नाही.

नेहमीचे प्रश्न

हिमोग्लोबिन ८ आहे, टॉनिक द्यावं का? आधी पापणी आणि लेंडी बघा. जंत असतील तर टॉनिकने भरलेलं रक्त जंतच पितात.

पांढऱ्या पेशी १५ हजार आल्या, अँटिबायोटिक सुरू करू का? ताप आहे का, खाणं चालू आहे का, कालच प्रवास झाला का, हे आधी. आकड्यावरून औषध ठरत नाही.

बंदिस्त पाळल्या तर जंत होतच नाहीत ना? कमी होतात. ओली गव्हाण, जमिनीवर टाकलेला हिरवा चारा आणि न काढलेल्या लेंड्या असतील तर गोठ्यातही होतात. त्यात दाटीमुळे करडांना कॉक्सिडियाची हगवण जास्त होते.

घेताना काय बघावं? कागदापेक्षा आधी पापणी, मग जबडा, मग मागचा भाग स्वच्छ आहे का, मग दात. शक्य असेल तर आई दाखवायला सांगावी. जी आई दोन-तीन पावसाळे औषधाच्या बाटलीशिवाय काढते आणि दोन करडं जगवते, तिच्या पोटचं पिल्लू घ्यावं, मग बोअरचे टक्के थोडे कमी असले तरी चालतील.